लिस्बनमधले पहिले अकरा दिवस : कागदावर ओळखीचे, कानाला परके

सांजसकाळ | ४ जून, रात्री ९:४०

नमस्कार.

पुण्यातल्या एका संग्रहालयात मी जुन्या कागदपत्रांच्या जतनाचे काम करते आणि त्याच कामाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेण्यासाठी २५ मे रोजी लिस्बनला आले. याआधी मी कधी भारताबाहेर गेलेले नव्हते. आज अकरावा दिवस आहे, आणि काल जे नवलाचे वाटत होते ते आज डोळ्यांना दिसेनासे होत आहे हे रोज जाणवते. रात्री नऊ वाजून गेले तरी खिडकीबाहेर उजेड आहे, याचे पहिल्या तीन दिवशी मला इतके अप्रूप होते की मी जेवण विसरून खिडकीत बसून राहत असे. आज मी पडदा ओढला आणि दिवा लावला. म्हणून पहिले ठसे पुसट होण्याआधी ते इथे लिहून ठेवत आहे.

दुबईला विमान बदलून मी दुपारी इथे उतरले. विमान तेझू नदी ओलांडून थेट शहरावरून, तांबड्या कौलांच्या अगदी जवळून उतरते, कारण विमानतळ शहराच्या आतच आहे आणि मेट्रोचे स्थानकही तिथेच आहे. मला तांबड्या मार्गाने आलामेडाला जाऊन तिथून हिरव्या मार्गावरच्या ‘आन्जोस’ स्थानकावर उतरायचे होते. हे नाव मी घरून निघतानाच वहीत लिहून, दहा वेळा म्हणून पाठ केले होते. गाडीत उद्घोषणा झाली ती ‘आंझुश’ अशी. हेच ते माझे स्थानक, हे माझ्या ध्यानातच आले नाही. दारे लागली, पाटीवरची अक्षरे समोरून सरकत गेली आणि मग मी चपापले. पुढचे स्थानकही त्या गडबडीत गेले आणि मी थेट मार्तीं मोनीझला बाहेर पडले.

त्या चौकात पाऊल ठेवताच पहिला वास आला तो ताज्या कोथिंबिरीचा. भोवती बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी आणि चिनी दुकाने होती, एका दुकानासमोर जुड्या रचून ठेवल्या होत्या आणि दुकानदार हिंदीत फोनवर बोलत होता. त्यानेच मला उलट्या दिशेची गाडी दाखवली. कोथिंबीर केवळ आपल्याकडच्या लोकांसाठी असेल असे मला तेव्हा वाटले होते. नंतर कळले की पोर्तुगीज स्वयंपाकातही, विशेषतः दक्षिणेकडच्या आलेंतेझू प्रांतात, ती सढळ हाताने वापरतात.

घराच्या दाराशी दुसरी अडचण उभी राहिली. घंटेच्या बटणांवर कोणाचेही नाव नसते, फक्त मजला आणि बाजू असते : तिसरा डावा, तिसरा उजवा. माझ्या पत्त्यातल्या आकड्यापुढची तीन अक्षरे मी घरमालकाच्या नावाचा भाग समजत होते; ती ‘इश्केर्दु’, म्हणजे डावा, या शब्दाची होती. चुकीची घंटा वाजली तेव्हा उजवीकडच्या आजीबाई जिना उतरून खाली आल्या, माझ्या हातातला कागद पाहून हसल्या आणि माझी एक पिशवी उचलून पुढे चालू लागल्या. मी ‘नको, नको’ म्हणत राहिले, ते त्यांना कळणे शक्य नव्हते.

आता ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी मी किराणा आणायला गेले. फळ्यांवरच्या पाट्या वाचत चालले होते आणि एका कोपऱ्यात मला थांबावे लागले, कारण पाटीनंतर पाटी ओळखीची होऊ लागली : बटाटा, अननस, काजू, पाव, साबण, कोबीच्या जागी ‘कोउव्हे’, बालदीच्या जागी ‘बाल्दे’. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे शाळेत शिकले होते, पण शिकलेले असणे वेगळे आणि परक्या देशात दुसऱ्या दिवशी, कोणाशीही बोलता येत नसताना, फळीवर ते शब्द ओळीने मांडलेले दिसणे वेगळे. मला अनावर भरून आले. मोठ्या विश्वासाने मी विक्रेत्या बाईंना ‘साबांव’ विचारले. त्यांनी उत्तरादाखल जे सांगितले त्यातला एकही शब्द मला सुटा ऐकू आला नाही. इथली माणसे स्वर गिळून टाकतात. ‘तेलेफोने’ लिहितात आणि ‘त्लफॉन’ म्हणतात. शब्दाच्या शेवटी ‘स’ लिहितात आणि ‘श’ म्हणतात. कागदावर हे शहर माझ्या ओळखीचे आहे आणि कानाला पूर्ण परके आहे, असा विचित्र पेच अकरा दिवस चालू आहे.

डोळ्यांविषयी थोडेच लिहिते, कारण इथल्या उजेडाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या हाताएवढ्याही नसलेल्या चौकोनी दगडांचे, मधूनच काळ्या बसाल्टची नक्षी, खाली समुद्रासारखी रुंद नदी. त्यामुळे उजेड वरून येतो तसा खालूनही येतो. त्या पांढऱ्या दगडांवर सध्या नीलमोहराच्या फुलांचा सडा पडलेला आहे. तो पाहून पुण्याची आठवण येते, पण या क्षणी मला आठवण नको, ऐकायला शिकणे हवे आहे.

जे अनोळखी शहरात असे एकटे उतरले आहेत, विशेषतः जे इथे राहिले आहेत, त्यांनी आपले पहिले ठसे लिहावेत. त्यांतला कोणता टिकला आणि कोणता खोटा ठरला, हेही सांगावे.

शब्दवेध | ४ जून, रात्री ११:१५

सांजसकाळ, तुमच्या किराणा दुकानातल्या अनुभवाला एक जोड देतो. पुढच्या वेळी कुलूपकिल्लीच्या दुकानावरून गेलात तर पाटी पाहा. आपली ‘चावी’ ज्या शब्दावरून आली तो शब्द लिस्बनमध्ये आज ‘शाव्ह’ असा ऐकू येतो. सोळाव्या शतकात, म्हणजे हे लोक आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा, त्या अक्षराचा उच्चार ‘च’ असाच होता. नंतर लिस्बनसकट दक्षिणेकडच्या बोलीत तो ‘श’ झाला, ईशान्येच्या डोंगराळ भागातल्या बोलींत मात्र जुना ‘च’ राहिला. म्हणजे मराठी माणूस ‘चावी’ म्हणतो तेव्हा राजधानीने सोडून दिलेला उच्चार तो सांभाळत असतो. तुमचा कान चुकत नाही. तो चारशे वर्षांपूर्वीच्या लिस्बनसाठी तयार झालेला आहे.

यादी लांबवता येईल : घमेले, पिंप, फीत, लिलाव, मेस्त्री, काडतूस, पाद्री, नाताळ. पगार तर तिथल्या भाषेत ‘पैसे देणे’ हे सरळ क्रियापदच आहे. त्यांच्या क्रियेचे आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला वाट पाहण्याजोगे नाम झाले.

मांजराकाठ | ५ जून, सकाळी ७:०५

मी स्थापत्य अभियंता आहे. एका परिषदेच्या निमित्ताने चार दिवस लिस्बनमध्ये होतो, त्यामुळे माझ्याजवळ फक्त पहिलेच ठसे आहेत आणि त्यांतला एकच सांगण्यासारखा आहे.

पहिल्या संध्याकाळी चढ चढून कार्मुच्या जुन्या मठापाशी गेलो. मठाच्या चर्चला छप्पर नाही. दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळे आकाश आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला; मागोमाग नदीतून समुद्राच्या लाटा आत आल्या आणि मग कित्येक दिवस शहर जळत राहिले. हे छप्पर पुन्हा घातले नाही, ते तसेच ठेवले आहे.

मी लातूर जिल्ह्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी नऊ वर्षांचा होतो. आमच्याकडे माणसे दगाफटका करणाऱ्या जमिनीपेक्षा दगडमातीच्या जाड भिंतींखाली अधिक गेली, आणि मी या व्यवसायात आलो त्याचे कारण तेच आहे. म्हणून त्या उघड्या कमानींखाली मला बराच वेळ उभे राहावे लागले. दुसऱ्या दिवशी परिषदेतल्या एका सहकाऱ्याने खालच्या बाइशा भागातल्या एका दुरुस्तीला काढलेल्या इमारतीची भिंत दाखवली. राजाचे मंत्री मार्केस द पोंबाल यांच्या देखरेखीखाली शहर नव्याने बांधताना भिंतींच्या आत तिरप्या आडण्या असलेला लाकडी सांगाडा घालत. त्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. दगड निखळला तरी सांगाड्याने डोलत उभे राहावे ही त्यामागची कल्पना. सरळ रेषेतल्या त्या नेटक्या गल्ल्या पर्यटकाला नुसत्या देखण्या वाटतात. मला त्या गल्ल्यांतून चालताना प्रत्येक भिंतीत तो पिंजरा दिसत होता.

माडाची_सावली | ५ जून, दुपारी २:३०

मी फोंड्याची, गेली चार वर्षे लिस्बनमध्ये. घरी मराठी आणि कोंकणी दोन्ही.

सांजसकाळ यांना जे दुसऱ्या दिवशी वाटले ते मला पहिल्याच दिवशी वाटले, पण त्यात आनंद नव्हता, थोडा धसका होता. माझे वडील १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले. अशा लोकांच्या जन्माची नोंद पोर्तुगालमध्ये करून घेता येते, आणि त्या कामासाठी मी नोंदणी कार्यालयात गेले तेव्हा रांगेत माझ्यापुढे आणि मागे गोव्याचीच माणसे होती. कोणी सासष्टीचे, कोणी बारदेशचे. हजारो मैल येऊन मी पुन्हा गावातच उभी आहे असे वाटले. घरातल्या भिंतीवर आजोबांचे एक पोर्तुगीज प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. आम्ही मुलांनी ते कधी वाचले नव्हते. इथल्या खिडकीवरच्या शिक्क्यात तीच ढाल आणि तेच किल्ले पाहिले तेव्हा ते प्रमाणपत्र काय होते हे मला पहिल्यांदा उमगले. आजोबांनी त्या राज्याची नोकरीही केली आणि मुक्तीच्या दिवशी घरावर तिरंगाही लावला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इथे येईपर्यंत त्या मी एकत्र कधी मनात धरल्या नव्हत्या.

पावाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्याकडे पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, इथे ‘पादरीया’ म्हणजे पावाचे दुकान असते. खाणावळीत बसल्यावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह टेबलावर येतात. ते पाहुणचाराचे नसतात, खाल्ल्यास त्यांचे पैसे बिलात लागतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला नम्रपणे सांगावे. कोणालाही राग येत नाही.

जुना_वाटसरू | ५ जून, रात्री १०:२०

बारा वर्षे इथे राहून आता नाशिकला परतलो आहे. टिकलेल्या आणि खोट्या ठरलेल्या ठशांबद्दल विचारले आहे, म्हणून दोन्ही सांगतो.

खोटा ठरला तो उबेचा. मीही उन्हाळ्यात उतरलो आणि हे ऊबदार शहर आहे असे घरी पत्रात लिहिले. जानेवारीत कळले की बाहेर तेरा-चौदा अंश असताना घरात त्याहून गार वाटू शकते, कारण जुन्या घरांत गरम करण्याची सोय नसते, भिंती ओल धरतात आणि कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशी आली. सांजसकाळ कागदाचेच काम करतात, त्यांना हे लवकर दिसेल. नोव्हेंबरआधी घरात ओल शोषणारे यंत्र आहे का ते घरमालकाला विचारून ठेवा. ज्या पांढऱ्या दगडांचे कौतुक तुम्ही केले आहे ते पावसात साबण लावल्यासारखे निसरडे होतात आणि शहर सगळे चढउतारांचे आहे. रबरी तळव्याचे जोडे घ्या.

दुसरा ठसा माणसांचा. मला ती पहिल्या महिन्यात अबोल आणि काहीशी खिन्न वाटली. हे खोटे ठरले असे म्हणणार नाही; मला ते वाचता येत नव्हते, एवढेच. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात मी रोज सकाळी उभ्याने एक ‘बिका’, म्हणजे छोटी कडक कॉफी, घेत असे. मालक पहिले दोन महिने ‘बों दिअ’, म्हणजे सुप्रभात, यापलीकडे बोलला नाही. मग मी तापाने आठवडाभर गेलो नाही, आणि परत गेलो तेव्हा त्याने विचारले, ‘वाटसरू आजारी होता का?’ माझ्याकडे पाहून, मलाच, पण तृतीय पुरुषात. मी दचकलो. पुढे समजले की आदर आणि जवळीक दोन्ही राखायची असतील तर तिथे समोरच्याला नाव घेऊन असेच विचारतात. आमच्या घरी आजोबा आईला ‘सूनबाईंनी चहा घेतला का?’ असे तिच्या समोरच विचारत. ते आठवले आणि त्या दिवसापासून ती माणसे मला अबोल वाटली नाहीत.

सांजसकाळ, कानाची काळजी करू नका. घरात आकाशवाणी लावून ठेवा आणि अर्थ लावण्याचा प्रयत्न न करता ऐकत राहा. मला चौथ्या महिन्यात शब्द सुटे ऐकू येऊ लागले.

दिवेलागण | ६ जून, सकाळी ११:००

मूळ लेख आणि प्रतिसाद आवडले, मात्र शब्दांच्या नात्याविषयी बोलताना एक नाव इथे यायला हवे असे मला मनापासून वाटते. काइश दु सुद्रे स्थानकावरून नदीच्या काठाकाठाने काश्काइशला गाडी जाते. समुद्रस्नानासाठी जाणाऱ्या लोकांनी ती भरलेली असते. वाटेत कशीअश नावाचे स्थानक लागते. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते.

सांगली भागातला हा तरुण गोव्यात मराठीचा शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरला आणि १९५५ साली जखमी अवस्थेत पकडला गेला. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, रानडे मात्र सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. स्वतःचा देश, ज्या भूमीसाठी लढले ती भूमी, दोन्ही स्वतंत्र असताना सात वर्षांहून अधिक काळ ते त्या परक्या गावात बंदिवान होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी किती खटपट केली हे आमच्या पिढीने घरात ऐकलेले आहे.

अनोळखी शहरात पोहोचल्यावरचा पहिला ठसा, असा हा विषय आहे. एखाद्याला ते शहर भिंतीआडून, आवाजांवरूनच कळले असेल, हा विचार मी त्या गाडीत बसलो असताना मनातून जाईना. शहरात सेच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, जवळ आल्जुबे हे जुने राजकीय कैद्यांचे कारागृह आहे. २०१५ पासून तिथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय आहे. रानडे यांना कोंडणाऱ्या त्याच पोर्तुगीज हुकूमशाहीने स्वतःच्या नागरिकांनाही कसे कोंडले होते ते तिथे पाहायला मिळते. कशीअशच्या तुरुंगातून तिथले राजकीय कैदी बाहेर आले ते २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर लगेचच, आणि नव्या सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

कंदील | ६ जून, रात्री ८:५०

मी सप्टेंबरमध्ये लिस्बनला पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणार आहे. संपूर्ण धागा दोनदा वाचला. घरात याआधी कोणी परदेशी गेलेले नाही आणि आई रोज एक नवी काळजी काढते आहे. सांजसकाळ ताई, पहिल्या दिवशी सर्वांत जास्त कोणत्या गोष्टीचा उपयोग झाला असता, असे आता वाटते?

सांजसकाळ | १३ जून, दुपारी ४:१०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला.

कंदील, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ज्या स्थानकावर उतरायचे त्याचे नाव वाचून नव्हे, ऐकून पाठ कर, आणि त्याच्या आधीच्या दोन स्थानकांची नावेही तशीच पाठ कर. पत्ता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हातात ठेव, मजला आणि बाजू यांच्यासकट. टपाल कार्यालयात, औषधाच्या दुकानात, मासळीच्या काउंटरवर सुद्धा आधी यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची असते; मी पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे नुसती उभी होते. आईला सांग की उन्हाळ्यात घड्याळाचा फरक साडेचार तासांचा आहे. तिथे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे पाच, त्यामुळे रोज बोलणे होते.

काल रात्री संत आंतोनियूचा उत्सव होता, आज शहराला सुट्टी आहे. गल्लोगल्ली कोळशावर तारली भाजली जात होती आणि धुराने डोळे चुरचुरत होते. दारोदार मातीच्या छोट्या कुंड्यांत एक गोल, दाट, बारीक पानांचे रोप विकायला होते, त्यात कागदाचे फूल आणि चार ओळींची कविता खोवलेली. त्याला ‘मंझेरिकु’ म्हणतात. तुळशीच्याच कुळातले आहे. मी वाकून वास घ्यायला गेले तशी त्या उजवीकडच्या आजीबाईंनी माझा हात धरला, तळवा रोपावरून हलकेच फिरवला आणि मग तळव्याचा वास घ्यायला लावला. रोपाला नाक लावायचे नसते. आमच्या घरी देवासाठी काढलेल्या फुलांचा वास घेऊ देत नसत, ते आठवून मला क्षणभर काही बोलता आले नाही.

शब्दवेध, ही आपली ‘मंजिरी’ असेल का?

शब्दवेध | १३ जून, सायंकाळी ६:००

नुसत्या उच्चारसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह आवरावा, असे मी सुचवीन. ‘धन्यवाद’ या अर्थाचा जपानी ‘आरिगातो’ हा त्याच अर्थाच्या पोर्तुगीज ‘ओब्रिगादु’वरून आला असे पुष्कळ जण खात्रीने सांगतात, पण पोर्तुगीज जपानला पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून तो शब्द त्या भाषेत आहे. चावी आणि साबण यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे वस्तू, काळ, किनारा आणि ध्वनिबदल हे सगळे जुळते. मंझेरिकु कुंडीत राहू द्या आणि पाणी घाला.

सांजसकाळ | १३ जून, रात्री ९:१५

मान्य आहे. ते खिडकीत ठेवले आहे.

दिवेलागण, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मी आल्जुबेला जाऊन आले आणि येत्या रविवारी कशीअशला जाणार आहे. किल्ला बाहेरून जेवढा दिसेल तेवढा पाहीन, तिथे अजूनही तुरुंगच आहे. माडाची_सावली, तुम्ही याल का? सकाळी दहा वाजता काइश दु सुद्रेच्या तिकीटघरापाशी मी निळी छत्री घेऊन थांबेन. माझे स्थानक सोडून पुढे जाणार नाही. कालपासून ‘आंझुश’ मला ऐकू येऊ लागले आहे.